माशीची शिंक

गेल्या फाल्गुनात काकू डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून जळगावला आली आणि दहा दिवस माझ्याकडे राहिली. तिची खाट मी माझ्या लिहिण्याच्या खोलीत टाकली होती, कारण त्या खोलीला पश्चिमेचे ऊन लागत नाही आणि न्हाणीघरही जवळ आहे. डोळ्यावरची पट्टी निघून काळा चष्मा लागला त्या दिवशी ती भिंतीला धरून खोलीभर फिरली आणि पुस्तकांच्या फडताळासमोर थांबली. मधल्या फळीवर, शब्दकोशाच्या शेजारी, वीतभर उंचीचा एक निळा टेपरेकॉर्डर उभा होता. तिने एका बोटाने त्याची कड चाचपली आणि विचारले, "हाऊ टेप अजून शे का रे?" तो टेप नव्हे, खेळणे आहे, असे मी सांगेपर्यंत तिचे बोट नेमके कळीवर पडले आणि खट् आवाज होऊन पुढचे पारदर्शक दार उघडले. आत काडेपेटीएवढी एक कॅसेट होती. तिच्याकडे काकू बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "यामा बोलणं भराई जास का?" मी म्हटले, नाही काकू, यात काही भरत नाही, हे नुसते प्लॅस्टिक आहे. तिने तळहाताने दार लोटले, दाण्याच्या डब्याचे झाकण दाबावे तसे नीट दाबून लावले आणि खाटेवर जाऊन बसली.

त्या दिवसापासून काकू त्या खोलीत हळू बोलू लागली.

माझ्या हे दोन दिवसांनी लक्षात आले. स्वयंपाकघरात माझ्या पत्नीशी ती नेहमीच्या खणखणीत आवाजात बोलत असे. कोणाच्या वावरात कपाशीवर बोंडअळी पडली, कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, हे सगळे ओट्याजवळच्या पाटावर बसून सांगत असे. खोलीत आली की तोच विषय ती अर्ध्या आवाजात पुढे नेई आणि नावे गाळून टाकी. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी जोर करू नका म्हणून सांगितले होते, त्यामुळेही असेल. शेजारच्या खोलीत माझा मुलगा परीक्षेचा अभ्यास करीत होता, त्यामुळेही असेल. मात्र बोलताना एकदा तिची मान किंचित वळली आणि काळ्या चष्म्याआडून तिने फडताळाकडे पाहिले, एवढे मी बघितले; आणि ते मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिले.

त्या खेळण्याचे नाव साउंडवेव्ह. ट्रान्सफॉर्मर्सच्या, म्हणजे रूप बदलणाऱ्या यंत्रमानवांच्या, कथेत मेगाट्रॉन हा दुष्टांचा, म्हणजे डिसेप्टिकॉनांचा सेनापती आणि साउंडवेव्ह हा त्याचा कान. मूळची खेळणी जपानी. टाकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांमधले साचे घेऊन हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९८४ मध्ये त्यांना नवी नावे दिली, दोन पक्षांत वाटले आणि त्यांचे युद्ध लावून दिले. मायक्रोमॅनच्या ज्या शाखेतून साउंडवेव्ह आला तिची कल्पना मला फार आवडते. तिथले यंत्रमानव खऱ्याखुऱ्या मोटारी किंवा विमाने होत नसत; ते आपल्या खऱ्या आकारात घरात मावतील अशा वस्तू होत. मेगाट्रॉन तिथूनच आला, तो पिस्तूल होई. साउंडवेव्ह जपानात १९८३ मध्ये नुसता 'कॅसेट मॅन' होता, कोणाच्याही वाईटावर नसलेला. समुद्र ओलांडल्यावर तो खलनायक झाला, आणि माझ्या मते त्या सगळ्या ताफ्यातला सर्वांत भीतिदायक खलनायक तोच. पिस्तूल घरात दिसले तर माणूस दचकतो तरी. टेपरेकॉर्डरला आपण स्वतः कोनाड्यात जागा करून देतो, त्यावर विणलेला रुमाल टाकतो.

मी त्याला पहिल्यांदा पाहिले ते १९८७ च्या जूनमध्ये, भुसावळच्या रेल्वे कॉलनीत. नाना, म्हणजे माझे वडील, लोको शेडमध्ये कारकून होते. आमच्या ओळीपलीकडे अधिकाऱ्यांचे बंगले होते आणि त्यातल्या एका बंगल्यातला मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचा मामा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने हे खेळणे आणले. भुसावळचा जून म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. पाऊस अजून आलेला नसतो आणि भिंतीला पाठ टेकवली तर पाठ भाजते. त्या बंगल्यात वाळ्याचा कूलर होता. ओल्या वाळ्याच्या त्या वासात, गार फरशीवर पालथे पडून आम्ही तो निळा टेप उलगडला. खालचा भाग सुटून पाय झाले, बाजूंतून दंड निघाले, वरून डोके बाहेर आले. कॅसेटची खिडकी होती ती छाती झाली आणि तिच्यावरचे जांभळे चिन्ह मधोमध आले. डोळ्यांच्या जागी एक सलग पट्टी होती आणि तोंडाच्या जागी चंदेरी झाकण होते. पाठीमागे खऱ्या टेपला असते तशी सेल ठेवण्याची खोबणही होती, आणि तिच्यातले पेन्सिल सेल म्हणजे त्याची शस्त्रे होती. काढून उलगडले की बंदुकीसारखे त्याच्या हातात आणि खांद्यावर बसत. छातीचे दार उघडले की कॅसेट निघे आणि कॅसेटीचा पक्षी होई. त्या पक्ष्याचे नाव बझसॉ. बाकीच्या कॅसेटी वेगळ्या विकत मिळत, त्यांचे आणखी पक्षी, श्वापदे आणि बुटके सैनिक होत, हे खोक्यावरच्या चित्रात दिसत होते. आमच्या नशिबात तो एकच पक्षी होता.

खोक्याच्या मागे इंग्रजीत त्याची माहिती छापली होती आणि तिच्या शेजारी त्याच्या बळाचा, बुद्धीचा, वेगाचा असा एक आलेख होता, जो नुसत्या डोळ्यांनी कळत नसे. सोबत दिलेली लाल पारदर्शक पट्टी त्यावर धरली की आकडे उमटत. ती पट्टी डोळ्याला लावून आम्ही दुपारभर लाल कूलर, लाल कडुनिंब आणि लाल मालगाड्या पाहिल्या. माहिती वाचून दाखवण्याचे काम मित्राकडे होते, कारण त्याचे इंग्रजी बरे होते. त्यात लिहिले होते की, असे म्हणतात, साउंडवेव्हला माशी शिंकली तरी ऐकू येते. आम्ही हसून लोळलो. आमच्या घरात माशी शिंकली म्हणजे काम नासले. सोयरीक मोडली, गाडी चुकली, कर्ज मंजूर होता होता राहिले की मोठीमाय, म्हणजे माझी आजी, म्हणायची, कुठे माशी शिंकली कोण जाणे. आणि इथे एक असा पठ्ठ्या होता ज्याला ती शिंक प्रत्यक्ष ऐकू येत होती. या बहुतेक पात्रांची नावे आणि अशा छोट्या चरित्रकथा मार्व्हल कॉमिक्सचे संपादक बॉब बुडियान्स्की यांनी लिहिल्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. मराठी घरातली माशी काय काय नासवते याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते.

त्याच परिच्छेदात पुढे होते की, जे ऐकतो ते वापरून हा इतरांना धमकावतो आणि स्वतःची बढती करून घेतो. त्याच्या बाजूचे लोकसुद्धा त्याचा तिरस्कार करतात. हा भाग मित्राने भरभर वाचला. मला त्यातले 'जे ऐकतो ते वापरतो' एवढेच लक्षात राहिले.

आमच्याकडेही टेप होता. नॅशनल पॅनासोनिकचा टू-इन-वन, राखाडी, मूठ असलेला. नानांनी कोणा आखातातून परतलेल्याकडून विकत घेतला होता आणि गावी जाताना तो सुरत पॅसेंजरमध्ये मांडीवर घेऊन बसत. गावात वीज अशी-तशीच असल्यामुळे तो सेलवर चाले. सेल उतरले की मोठीमाय ते ओसरीच्या कठड्यावर उन्हात ओळीने वाळत घाली, सांडग्यांसारखे, आणि दुपारच्या उन्हाने त्यांच्यात पंधरा-वीस मिनिटांचा जीव परत येई. आवाज भरायचा तर लाल ठिपक्याची कळ आणि वाजवण्याची कळ एकदम दाबावी लागे. माझ्या बोटांना ते जमत नसे म्हणून मी अंगठे वापरीत असे. त्या श्रावणात कानबाईसाठी आम्ही सगळे गावी गेलो तेव्हा भरायला कोरी कॅसेट नव्हती. नानांनी प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांची एक जुनी कॅसेट घेतली आणि तिच्या वरच्या कडेला जिथे खाच मोडलेली असते, तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावला. खाच मोडली की कॅसेटीवर नवे भरता येत नाही, आणि भोक बुजवले की येते. ही विद्या त्यांनी मला ओसरीवर बसून, कंदिलाशी कॅसेट धरून, गुप्त मंत्र द्यावा तशी दिली.

खान्देशाबाहेरच्या वाचकांना कानबाईचे फार सांगत बसत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती येते, रात्रभर जागर होतो, सोमवारी सकाळी नदीवर जाते, आणि तिच्या रोटांसाठी सुरत, नाशिक, मुंबई, जिथे असतील तिथून भाऊबंद गावी गोळा होतात. भांडलेलेही येतात. आमच्याकडे रोटाचे गहू घरातल्या पुरुषमाणसांच्या मोजणीने घेतले जातात, माणशी सव्वा मूठ. मी अकरा वर्षांचा होतो तरी माझी सव्वा मूठ धरली जाई, आणि मोठीमाय ती मुद्दाम माझ्यासमोर मोजी. आप्पांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, घरातून एकच सव्वा मूठ येत असे. आप्पा आणि काकूला मूलबाळ नव्हते.

जागराच्या रात्री गाणी काकूने म्हटली. तिचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला होता. बाकीच्या बाया ओढून धरत आणि ती ओळ उचलून पुढे टाकी. टेप समोर ठेवल्यावर आधी ती गाईचना, पदर तोंडावर घेऊन नुसती हसत राहिली. मोठीमायने दटावल्यावर सुरू झाली आणि मग थांबली नाही. वीसेक मिनिटे भरली असतील. लगेच उलटे फिरवून नानांनी ऐकवले तेव्हा काकूने दोन्ही हात गालांवर ठेवले. "हाई मी शे?" ती म्हणाली. समईच्या उजेडात तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. आपला आवाज बाहेरून ऐकण्याची ती तिची पहिलीच वेळ होती. एक दिवसाने दुसरी आली.

सोमवारी कानबाई बोरी नदीत शिरवून आल्यावर घरात सुस्ती होती. मी दोन महिने डोक्यात तो निळा यंत्रमानव घेऊन फिरत होतो. माझ्याकडे ते खेळणे नव्हते, पण टेप खरा होता, आणि त्या दुपारी मला वाटले की हे त्याहून भारी आहे. ओसरीवरच्या बाजेखाली मी टेप सरकवला, वरून गोधडीचा काठ खाली सोडला आणि दोन्ही अंगठ्यांनी कळा दाबल्या. मग मी अंगणात जाऊन लिंबाखाली उभा राहिलो, अगदी निरागस. बाजेवर मोठीमाय पडली होती. थोड्या वेळाने नाना येऊन तिच्या पायथ्याशी बसले. ते काय बोलत होते हे मला लिंबाखाली ऐकू येत नव्हते. आपल्याला ऐकू येत नसलेले आपला टेप ऐकतो आहे, या कल्पनेनेच मला गुदगुल्या होत होत्या.

संध्याकाळी बाया ओसरीवर टेकल्या आणि कोणीतरी म्हटले, लाव रे रात्रीची गाणी. मी लावली. काकूने आपल्याच सुरात आपला सूर हळूच मिळवला, शेजारणी हसल्या. गाणी संपली. इथे मी कळ दाबायला हवी होती. आत पुढे काय आहे हे मी ऐकलेले नव्हते, पण काहीतरी आहे हे मला माहीत होते, आणि मी म्हणालो, "थांबा, आता गंमत ऐका." थोडी खरखर झाली, आणि मग नानांचा आवाज आला. नदीकडचे वावर आप्पांच्या वाट्याला देऊन काय होणार, असे ते मोठीमायला विचारीत होते. आप्पांच्या मागे ते खाणारे कोण आहे.

हे वाक्य नाना दोनदा बोलले होते, वेगवेगळ्या शब्दांत. टेपने दोन्ही वेळा ते नीट ऐकवले.

आई आतून पीठाच्या हातांनी धावत आली आणि तिने टेप बंद केला. त्या कळीवर पीठ बरेच दिवस राहिले होते. कोणी काही बोलले नाही. काकूने मांडीखालची गोधडी उचलली, चार घड्या घातल्या, त्या घड्यांवरून हात फिरवला आणि ती आत गेली. मला मार बसला नाही. नानांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागले. भुसावळला परतल्यावर एका सकाळी त्यांनी टेप लावला आणि आकाशवाणीच्या जळगाव केंद्रावरची भक्तिगीते त्या बाजूवर भरून घेतली. मग त्यांनी कॅसेटीवरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली. आता त्या कॅसेटीवर कोणालाच काही भरता येणार नव्हते. त्यांचे बोलणे पुसले गेले आणि त्याच्याबरोबर काकूची गाणीही.

पुढे दोन वर्षांनी वाटण्या झाल्या. त्या तशाही झाल्याच असत्या. नदीकडचे वावर आप्पांनाच मिळाले, आणि नानांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. भाऊ एकमेकांशी बोलत, कानबाईला एकत्र बसत, एकमेकांच्या आजारपणात रात्री जागत. नाना गेले तेव्हा आप्पा लहान मुलासारखे रडले. काकू मात्र त्या श्रावणानंतर जागराला मागच्या रांगेत बसू लागली. गळा बसला आहे, असे सांगे. पुढे पुढे कोणी आग्रह करणेही सोडले, आणि आता गावात कोणाला तिचा गळा आठवत असेल असे वाटत नाही.

साउंडवेव्हची गोष्ट मी पडद्यावर पाहिली ती फार उशिरा, इंटरनेट आल्यावर, नोकरीला लागून मूल झाल्यावर. पाहताना चकित झालो, कारण खोक्यामागचा साउंडवेव्ह आणि पडद्यावरचा साउंडवेव्ह यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. खोक्यावर तो धमकावणारा संधिसाधू होता. १९८४ च्या मालिकेत तो मेगाट्रॉनचा सर्वांत निष्ठावान माणूस आहे. स्टारस्क्रीमसारखे सहकारी सेनापतीची खुर्ची बळकावायला टपलेले असताना हा कधी काही मागत नाही, सांगितलेले ऐकतो आणि ऐकलेले सांगतो. त्याचा तो धातूच्या नळीतून आल्यासारखा एकसुरी आवाज फ्रँक वेल्कर यांनी दिला, त्यावर यंत्राने प्रक्रिया करून. मेगाट्रॉनचा आवाजही त्यांचाच. म्हणजे हुकूम देणारा आणि हुकूम झेलणारा एकाच गळ्यातून निघत होते. या दोन चरित्रांमधले खरे कोणते, यावर या छंदातले लोक हिरिरीने वाद घालतात. मला त्या वादात एके काळी रस होता. मी खोक्याच्या बाजूने असे, आणि का असे हे कोणाला सांगत नसे.

मग २०१० मध्ये आलेल्या ट्रान्सफॉर्मर्स प्राइम या मालिकेत मी त्याला पुन्हा पाहिले. तिथे त्याला चेहराच नाही, नुसता काळा पडदा आहे, आणि तो जवळजवळ काहीच बोलत नाही. त्याला काही सांगायचे असले की तो दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडचे भरून ठेवलेले वाक्य, त्याच माणसाच्या आवाजात, वाजवून दाखवतो. तो भाग बघता बघता मी लॅपटॉप बंद केला होता. पत्नीने विचारले, काय झाले. काही नाही, डोके दुखते, असे मी सांगितले.

फडताळातले खेळणे हे मूळ १९८४ चे नव्हे, मागाहून त्याच घडणीचे काढलेले आहे, आणि तेही मी पुण्यातल्या एका संग्राहकाकडून वापरलेले घेतले. पाठीतल्या दोन सेलांपैकी, म्हणजे शस्त्रांपैकी, एक गायब आहे, त्यामुळे किंमत पुष्कळ उतरली होती. या व्यवहारात लोक आधी छातीच्या दाराची बिजागरी तपासतात, मग शस्त्रे मोजतात, मग लेबले सोललेली नाहीत ना ते बघतात. आणि खोके कधीच उघडलेले नसेल तर बोलणे वेगळ्याच आकड्यांपासून सुरू होते. न उघडलेला साउंडवेव्ह विकत घेऊन कोणी काय करीत असेल हे मला कधी समजले नाही, पण तो त्यांचा छंद आहे. टाकारा टॉमीने २००७ मध्ये खरोखर गाणी वाजवणारा साउंडवेव्हही काढला होता, छोट्या मेमरी कार्डावरची. माझ्या मुलाने तोच का घेतला नाही म्हणून विचारले. मी म्हटले, न वाजणाराच बरा. तो विनोद समजून हसला.

नानांच्या पेटीतली कॅसेट मी जपून ठेवली होती. त्यांच्या पश्चात तिसऱ्या वर्षी, एका मित्राकडचा चालू डेक मिळाला म्हणून, तिच्यावरची भक्तिगीते संगणकावर उतरवायला बसलो. हेतू काही थोर नव्हता. मला फक्त खात्री करायची होती की खाली काही उरलेले नाही. अर्धा तास मी कानात इअरफोन घालून टाळ-मृदंग ऐकले. आकाशवाणीचा कार्यक्रम कॅसेटच्या बाजूआधी संपला होता. निवेदिकेचे वाक्य अर्ध्यात तुटले, कळ दाबल्याचा टक् आवाज आला, आणि त्यापुढची सहा-सात सेकंदे नानांच्या हातून पुसायची राहून गेली होती. त्यात मोठीमायचे खोकणे आहे. बैलाच्या गळ्यातले घुंगरू आहे. मग ओसरीला लागून असलेल्या चुलीच्या अंगाने, अगदी जवळून, काकूचा आवाज आहे. "च्या गाळू का?"

मी ते पुन्हा लावले, आणि पुन्हा.

आमच्या त्या घराची चूल आणि ओसरी यांच्यामध्ये कुडाची भिंत होती, वरून हातभर उघडी. चुलीशी बसलेल्या माणसाला ओसरीवरचा सुस्कारासुद्धा ऐकू येत असे. म्हणजे नाना ते वाक्य बोलले, दोनदा बोलले, तेव्हा काकू भिंतीपलीकडे चहा उकळत बसली होती. तिने ते त्याच वेळी ऐकले होते. ऐकून तिने चहा गाळू का म्हणून विचारले आणि गाळून आणूनही दिला असेल, नानांच्या हातात कप दिला असेल, साखर पुरे का म्हणून विचारले असेल. संध्याकाळी ती ओसरीवर येऊन बसली तेव्हा ते तिला ठाऊक होते, आणि तरीही ती स्वतःच्या गाण्यात सूर मिळवून हसत होती. एवढी वर्षे मी समजत होतो की तिला ते मी कळवले. मी कळवले नव्हते. भिंतीपलीकडचे कानावर पडूनही न पडल्यासारखे करायचे, चहा गाळायचा आणि पुढे चालायचे, या जोरावर ते घर चालले होते. तिची ती सोय मी आठ शेजारणींच्या देखत काढून घेतली. हे कळल्यावर मला हलके वाटले की जड, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. आधी हलके वाटले, एवढे खरे. रात्री झोप आली नाही.

कॅसेटीबद्दल मी काकूला आजवर बोललेलो नाही. ती सहा-सात सेकंदे तिला ऐकवावीत असे दोन-तीनदा मनात आले. पण पुन्हा एकदा तिच्यासमोर टेप लावून, आता ऐक, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शस्त्रक्रियेच्या पाचव्या दिवशी, चारच्या औषधाची वेळ झाली तेव्हा, मी औषधाची बाटली घेऊन खोलीत गेलो आणि आधी फडताळातून साउंडवेव्ह काढला. म्हटले, हे बघ काकू, टेप नाही. खाटेच्या कडेवर ठेवून मी तिच्यासमोर त्याचे पाय सोडले, दंड काढले, डोके वर केले. माझी बोटे घाई करीत होती, डावा दंड नेहमीसारखा अडकला, पाठीतला एकुलता एक सेल सुटून गोधडीवर पडला. काकू काळा चष्मा कपाळावर सरकवून, एक डोळा मिटून, दुसऱ्याने बघत होती. "अय माय," ती म्हणाली, "यामा मानूस शे." मग तिने त्याला हातात घेतले, खिडकीच्या उजेडाकडे वळवले आणि चंदेरी झाकणावरून अंगठा फिरवला. "त्याले तोंड नही का रे?"

नाही, मी म्हणालो.

तिने त्याला गोधडीच्या घडीवर आडवे ठेवले आणि उशीवर डोके टेकून वर पाहू लागली. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. औषध पडायच्या आधीच ती बोलू लागली, नदीकडच्या वावराचे, आप्पांच्या शेवटच्या वर्षाचे, या खेपेला कानबाईचे गहू कोण मोजणार याचे. आवाज अजून हळूच होता, पण नावे गाळलेली नव्हती. माझा मोबाइल तिच्या उशाशी पडला होता. तो मी उचलला, स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवून आलो आणि बाटलीचे झाकण उघडले.